एक्केचाळीसनंतर

सुरतेहून येणारी प्रत्येक गाडी तपासायची, असा हुकूम होता.
चौऱ्याण्णवचा पितृपक्ष, बडोदा स्टेशन.
माझ्याकडे एक लाकडी टेबल, रेघा मारलेली वही,
टेट्रासायक्लिनचे दोन खोके,
आणि तोंडाला सुलभाने जुन्या धोतरातून शिवून दिलेली पट्टी.

ताप? खोकला? कुणाकडे उतरणार?
माणसं उत्तराआधी चेहरा देत,
तेवढ्यावर मी बोट करी.
उजवीकडे रिक्षा, रावपुरा, आपापलं घर.
डावीकडे कारेलीबाग,
चेपी रोगांचा दवाखाना, सात दिवस.

रमणिक राणा. जरीकाम. वय एकतीस.
अंगात नव्याण्णव. खोकला एकदाच,
तोही मी विचारल्यावर.
म्हणाला, साहेब, वाडीत आई आहे,
दोन दिवस काढेल म्हणतात.
घरात जात नाही. रस्त्यावरून बघतो.
खिडकी खालीच आहे, दिसेल.

मी नाही म्हणालो.

बरोबरच म्हणालो. आजही म्हणेन.
वाडीतली घरं पाठीला पाठ लावून,
एका नळावर अकरा घागरी,
त्याचा तो एक खोकला तिथे पोचला असता तर
हे 'तर' मी तीस वर्षं जपलंय
पेन्शनच्या पासबुकासारखं,
अधूनमधून काढून बघतो, शिल्लक आहे ना.

आई तिसऱ्या दिवशी गेली.
निरोप फाटकाशी आला,
चौकीदाराने मला दिला, मी त्याला, जाळीतून.
तो म्हणाला, अग्नी कोण देणार?
माझ्या छापील फॉर्मात हा रकाना नव्हता.
शेजारच्या मुलाने दिला, असं नंतर कळलं.
आठव्या दिवशी रिपोर्ट: काही नाही, साधा ताप.
सही घेऊन सोडला.

इथवर कुठे खोट काढून दाखवा.

खोट एक ओळ वर आहे.
वहीत एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस येतो.
बेचाळीस घातला होता मी,
पुढे 'श्री.' लिहिलं आणि वर बघितलं
तर सुलभाचा भाऊ.
हातात घारीचा खोका, डोळे लाल.
'भावोजी,' म्हणाला. एवढंच.

पार्सल ऑफिसमागून एक वाट जाते,
ती मला ठाऊक होती.

दांडिया बाजारात आमच्या माडीवर तो नऊ दिवस राहिला.
सुलभा ताट जिन्यावर ठेवून मागे सरकायची.
गोळ्या सरकारी.
खाली पाटणकरांकडे तान्हं मूल होतं,
त्यांना मी बोललो नाही.
उलट रोज सकाळी त्यांनाच बजावायचो,
पाणी उकळा, कुणाला घरात घेऊ नका.
झालं नाही कुणाला काही.
घारी मात्र तशीच राहिली खोक्यात,
तूप पांढरं पडून.

परवा नातीच्या साडीला किनार हवी म्हणून
मांडवीशेजारी एका दुकानात शिरलो.
पांढऱ्या मिशा, जाड भिंगं. मी ओळखलं नाही.
त्याने जर उलगडली, पट्टीवर मोजली,
कात्री लावली आणि मान खाली ठेवूनच बोलला:
'तुमच्या वहीत मी त्रेचाळीस होतो.
रांगेत माझ्यापुढे एक जण होता, घारीचा खोका घेऊन.
बरा झाला का तो?'

पंखा फिरत होता. रिळं हलत नव्हती.
शाई सांडली, पान फाटलं,
असली उत्तरं तयार होती माझी, तीस वर्षांची.

'झाला,' मी म्हणालो.

'सारुं,' म्हणाला, खरंच बरं वाटल्यासारखं,
मला काही नीट कळलं नाही.
सहा मीटरची घडी घातली, वर वीतभर जास्त सोडली,
मग पावतीचं पुस्तक पुढे ओढून
पेन झटकलं:

'नाव काय लिहू?'